समोर माणूसच बसला आहे, एवढं मुलांना सांगा

ग्रँडमास्टर विदित गुजराथी यांना खुले पत्र

प्रिय विदित,


आपली ओळख नाही. मी कोथरूडला डहाणूकर कॉलनीत राहते, नोकरी करते आणि रात्रीची जेवणं आवरली की मोबाइलवर दहा-दहा मिनिटांचे एक-दोन डाव खेळते. लहानपणी वडिलांनी बुद्धिबळ शिकवलं होतं. पुढे शिक्षण, नोकरी, संसार यांत तो पट माळ्यावर गेला आणि २०२० च्या टाळेबंदीत खेळ पुन्हा हाती लागला. त्या दिवसांत तुम्ही समय रैना यांच्यासारख्या विनोदी कलाकारांसोबत यूट्यूबवर खेळत होतात, हरणाऱ्याला हसत हसत समजावत होतात, मदतनिधी गोळा करत होतात. घोडा कसा चालतो एवढंच माहीत असलेली माणसं तुमचं बघून ऑनलाइन खेळायला लागली. त्यांतली मी एक. म्हणून हे पत्र संघटनेला किंवा एखाद्या कंपनीला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

विषय ऑनलाइन बुद्धिबळातल्या फसवणुकीचा आहे. पण बड्या खेळाडूंच्या भानगडींबद्दल मला फारसं लिहायचं नाही. ज्या पातळीवर ना बक्षीस असतं ना किताब, त्या आमच्या पातळीवर काय चाललं आहे ते सांगायचं आहे.

आधी कोथरूडचं सांगते. डिसेंबर २०२४ मध्ये गुकेश सिंगापूरला जगज्जेता झाला. एप्रिल २०२५ मध्ये महिलांची ग्रां प्री स्पर्धा पुण्यातच झाली आणि कोनेरू हंपी ती जिंकली. त्याच जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीला विश्वचषक जिंकला. तेव्हापासून कर्वे पुतळ्यापासून डेपोपर्यंत कुठल्याही कॉलनीत शिरा, बुद्धिबळाच्या क्लासचा फलक दिसतो. संध्याकाळी क्लास सुटायच्या वेळी आईबाप बाहेर दुचाकीवर बसून वाट पाहत असतात. त्यांच्या बोलण्यात डाव नसतो, आकडा असतो. तुमच्या मुलाचं रॅपिड किती झालं? आमची हजारावर अडकली आहे. फिडे या जागतिक संघटनेचं रेटिंग वेगळं आणि ॲपवरचं वेगळं, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या कपाळी तो आकडा चिकटतो आणि क्लास, शाळा, नातेवाइकांचा व्हॉट्सॲप ग्रुप सगळीकडे त्याच्याबरोबर फिरतो.

आता इंजिन, म्हणजे चाल सुचवणारा संगणक प्रोग्राम, लावून खेळणं म्हणजे काय, हे ज्यांनी अनुभवलं नाही त्यांच्यासाठी थोडं लिहिते. मी घोड्याने प्यादं मारलं, समोरच्याने फक्त तो घोडा मारायचा आहे, दुसरी चाल शोधायचं कारणच नाही. माणूस ते क्षणात करतो. इथे सात सेकंद जातात. पुढे डाव गुंतागुंतीचा होतो. मी दोन मिनिटं डोकं धरून बसते आणि तरी वाट दिसत नाही. समोरून पुन्हा सात सेकंदांत उंटाची एक साधी दिसणारी चाल येते, जिचा अर्थ मला सहा चाली उलटल्यावर कळतो. सोप्या चालीला आणि अवघड चालीला सारखाच वेळ. एका पडद्यावर विचारून दुसऱ्या पडद्यावर चाल करायला साधारण तेवढाच वेळ लागत असावा. स्टॉकफिश हे इंजिन फुकट मिळतं, कुठल्याही साध्या मोबाइलवर चालतं, आणि त्याच्यासमोर जगज्जेत्याचाही निभाव लागत नाही. १९९७ मध्ये कास्पारोव्हला हरवायला आयबीएमला ‘डीप ब्लू’ हा खास महासंगणक बांधावा लागला होता. आज त्याहून कितीतरी बलवान खेळाडू सातवीतल्या पोराच्या खिशात आहे.

काही दिवसांनी संदेश येतो की तुमच्या एका प्रतिस्पर्ध्याने नियम मोडले होते, तुमचे गुण परत केले आहेत. गुण येतात, पण मन खट्टू होतं. मी ज्याच्याशी एवढा वेळ झुंजले तो तिथे नव्हताच. माझ्यासारख्या हौशी खेळाडूला या खेळातून मिळतं तरी काय? आपल्यासारखंच अडखळणारं दुसरं एक डोकं समोर आहे, ते कदाचित सोलापूरला असेल, कदाचित चिलीत. आपण रचलेला सापळा त्याला दिसतो की नाही, या उत्सुकतेत मिनिटं कशी जातात कळत नाही. आमची कमाई एवढीच, आणि इंजिन लावणारा नेमकी तीच घेऊन जातो.

तरीही, विदित, मला सगळ्यात जास्त काळजी इंजिन लावणाऱ्यांची वाटत नाही.

आमच्या इमारतीत सातवीतला एक मुलगा आहे. हुशार, बोलका, खेळायला बसला की जग विसरणारा. त्याचं खातं बंद झालं तेव्हा त्याची आई माझ्याकडे आली, कारण मी खेळते हे तिला माहीत होतं. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, “काकू, हजाराच्या वर सगळेच लावतात. मी फक्त बरोबरीत यायला लावलं.” बोलताना तो लाजला नाही. त्याने हिशेब मांडला होता. समोरचा लावतोच आहे, मग मी नाही लावलं तर मी मूर्ख. हे त्याला कोणी सांगितलं? क्लासमधल्या मोठ्या मुलांनी, डावानंतरच्या चॅटने, आणि पडद्यावर हरल्याबरोबर “हा इंजिन लावतोय” असं म्हणून टाकणाऱ्या मोठमोठ्या खेळाडूंनी.

माझं म्हणणं याच ठिकाणी आहे. आमच्या पातळीवर फसवणूक वाढते ती लोभापायी कमी आणि संशयापायी जास्त, असं मला ठामपणे वाटतं. जिंकून इथे पैसा मिळत नाही. पण ‘सगळेच करतात’ हे एकदा मनात बसलं की प्रामाणिक मुलालाही आपण फसवले जातोय असं वाटू लागतं, आणि फसवल्या गेलेल्याला हिशेब चुकता करण्याचा हक्क वाटतो. म्हणजे खोटा आरोप हाही फसवणुकीचंच बी पेरतो. ज्या मुलाने कधी इंजिनाला हात लावला नाही त्याला तीन वेळा चॅटमध्ये ‘चीटर’ म्हणून पाहा, चौथ्या वेळी तो काय करेल?

हा संशय बहुतेकदा चुकीचा असतो, हेही मुलांना कोणी सांगत नाही. डाव संपला की ॲप ‘अचूकता’ दाखवतं. पंच्याण्णव टक्के दिसले की झालं, लावलंच इंजिन! पण डाव वीस चालींत आटोपला, त्यांतल्या दहा पाठ असलेल्या ओपनिंगच्या, आणि मी सुरुवातीलाच वजीर गमावलेला, तर समोरच्याला अवघड चाल शोधावी लागलीच कुठे? तिथे माझ्या वडिलांचीही अचूकता नव्वदीच्या पुढे गेली असती. ज्यांचं हे काम आहे ते एका डावावरून निकाल देत नाहीत. बफेलो विद्यापीठातले संगणकशास्त्राचे प्राध्यापक केनेथ रीगन स्वतः इंटरनॅशनल मास्टर आहेत. त्यांची पद्धत सांख्यिकीची आहे. खेळाडूचं रेटिंग पाहता त्याच्या चाली इंजिनाशी किती जुळायला हव्यात याचा अंदाज बांधायचा, आणि प्रत्यक्षात जुळल्या त्या त्याहून किती जास्त हे पुष्कळ चालींवरून मोजायचं. लिचेस, चेस डॉट कॉम या ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळांच्या यंत्रणा चालींसोबत वेळही पाहतात, खेळताना दुसऱ्या खिडकीत गेलात का तेही पाहतात. इतकं असूनही, अख्ख्या डावात एखाद्याच निर्णायक क्षणी इंजिनाकडे डोकावणारा सापडणं कठीणच. बलिदान बरोबर की चूक, एवढं एकच ‘हो’ किंवा ‘नाही’ डावात मिळालं तरी मोठा फरक पडतो, असं विश्वनाथन आनंद यांनी म्हटल्याचं मी वाचलं आहे. ज्यांना हे पकडायचं आहे त्यांचंच काम इतकं नाजूक असेल, तर रात्री अकरा वाजता हरल्याच्या तिरमिरीत मी काढलेल्या निष्कर्षाला काय किंमत द्यायची?

संशयाची दुसरी हानी खेळाचीच आहे. हरलेला डाव हा शिकण्याचा डाव. कुठे चुकलं, प्यादं का ढकललं, हत्ती मोकळ्या रांगेत आणायला उशीर का केला, हे तिथेच कळतं. पण समोरचा फसवणारा होता असं ठरवलं की डाव उघडायची गरजच उरत नाही. मग मुलं स्वतःच्या चाली पाहायच्या सोडून समोरच्याचं प्रोफाइल पाहतात. खातं कधी उघडलंय, किती डाव सलग जिंकलाय. अशी मुलं वर्षानुवर्षं हजारावरच राहतात, आणि दोष इंजिनाला देतात.

तुम्हाला हे सगळं माझ्यापेक्षा जवळून ठाऊक आहे. २०२० च्या पहिल्या ऑनलाइन ऑलिम्पियाडमध्ये तुम्ही भारताचे कर्णधार होतात. ३० ऑगस्टला रशियाविरुद्धची अंतिम लढत मी घरी, भांडी तशीच ठेवून पाहिली होती. पहिली फेरी ३–३ अशी बरोबरीत सुटली. दुसऱ्या फेरीत इंटरनेट गेलं आणि निहाल सरीन व दिव्या देशमुख वेळेवर हरले असं पडद्यावर दिसलं. दिव्या तेव्हा चौदा वर्षांची होती. पुढे फिडेने तक्रारीचा विचार करून दोन्ही देशांना सुवर्णपदक दिलं. कोणाला ते पटलं, कोणाला नाही. मला मात्र त्या निर्णयातला एक विचार फार मोलाचा वाटतो. पटाबाहेरच्या कारणाने डाव संपला तर त्याला निकाल म्हणायचं नाही. ऑलिम्पियाडसाठी जो न्याय, तो रात्रीच्या आमच्या दहा मिनिटांच्या डावाला का नसावा?

आणि १३ जून २०२१. कोविडग्रस्तांच्या मदतीसाठी आनंद यांनी सिनेमा, क्रिकेट, उद्योग अशा क्षेत्रांतल्या नामवंतांशी एकाच वेळी डाव खेळले. एका तरुण उद्योजकाने आनंदना हरवलं आणि दुसऱ्या दिवशी कबूल केलं की आपण संगणकाची आणि जाणकारांची मदत घेतली होती. बहुतेकांनी तो विषय हसण्यावारी नेला. मदतनिधीचा खेळ तर होता, त्यात एवढं काय? आनंद यांनी मोजक्या शब्दांत सांगितलं की मी पटावरची स्थिती खेळलो आणि इतरांकडूनही तीच अपेक्षा होती. मला आठवतं, तेव्हा आमच्या सोसायटीतली मुलं आनंदच्या पराभवाने भारावली होती आणि चोवीस तासांत त्यांना कळलं की तो पराभव खराच नव्हता. मोठ्यांनी तेव्हा मुलांशी बोलायला हवं होतं. आम्ही कोणी बोललो नाही.

आरोपाच्या दुसऱ्या टोकाचं उदाहरणही तुमच्याच क्षेत्रातलं आहे आणि ते लिहिताना हात जड होतो. ग्रँडमास्टर डॅनियल नारोडित्स्की ऑक्टोबर २०२५ मध्ये गेला, एकोणतिसाव्या वर्षी. आम्हा हौशी लोकांना तो जवळचा वाटायचा, कारण आठशे-नऊशे रेटिंगवाल्यांशी खेळताना प्रत्येक चालीमागचा विचार तो इतक्या मायेने उलगडायचा, जणू शेजारी बसून शिकवतो आहे. माजी जगज्जेता व्लादिमीर क्रॅमनिक त्याच्या ऑनलाइन खेळावर जाहीरपणे शंका घेत होता. नारोडित्स्कीने काही गैर केल्याचं कधी सिद्ध झालं नाही. या संशयाने आपल्याला किती पोखरलं हे शेवटच्या काळात तो स्वतः बोलला होता. त्याच्या मृत्यूचं कारण मी सांगू शकत नाही, तो माझा अधिकारही नाही. पण त्याच क्रॅमनिकवर २००६ मध्ये एलिस्टाला जगज्जेतेपदाच्या लढतीत प्रतिस्पर्धी टोपालोव्हच्या गोटाने स्वच्छतागृहात वारंवार जाण्यावरून असाच आरोप केला होता, पुराव्याशिवाय. ज्याने हा घाव स्वतः सोसला त्यालाही पुढे दुसऱ्यावर बोट रोखावंसं वाटलं. संशय किती खोलवर मुरतो, हे याहून स्पष्ट कशाने दिसणार?

पटावर समोरासमोर फसवणूक होत नाही असं मी म्हणत नाही. २००६ मध्ये दिल्लीत एका भारतीय खेळाडूच्या टोपीत शिवलेलं ब्लूटूथ यंत्र सापडलं आणि त्याच्यावर दहा वर्षांची बंदी आली. २०१९ मध्ये इगोर्स राउसिस हा ग्रँडमास्टर स्ट्रासबूरच्या स्पर्धेत स्वच्छतागृहात मोबाइल वापरताना सापडला. पण तिथे समोरच्याचा चेहरा असतो. सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळात भाऊसाहेब पडसलगीकरांनी वर्षानुवर्षं उन्हाळी स्पर्धा भरवल्या. तिथे मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची, डाव संपला की हरलेला आणि जिंकलेला त्याच पटावर पुन्हा सोंगट्या मांडून चर्चा करायचे. ज्याच्याबरोबर दुपारी आमटी-भात खाल्ला त्याला सकाळी फसवणं जड जातं. ऑनलाइन खेळणाऱ्या आमच्या मुलांना समोर एक नाव दिसतं, चार आकडे आणि एक झेंडा. त्यामागे माणूस आहे हे त्यांना कोणीतरी सांगावं लागतं.

ते तुम्ही सांगावं, ही माझी विनंती. तुमच्या वाहिनीवर, मराठीतून, खास आठ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी. अर्धा तास पुरेल.

आईबापांसाठी असं मुद्दाम म्हणते. मदत म्हणजे फक्त इंजिन, असा समज आहे. मूल ऑनलाइन खेळतंय, बाबा चहाचा कप घेऊन मागे उभे आहेत आणि न राहवून म्हणतात, “अरे, घोडा बघ ना!” त्या क्षणी समोरच्या मुलाविरुद्ध दोघं खेळताहेत. कोथरूडच्या घराघरांत हे प्रेमाने होतं, आणि त्यात काही चुकतंय असं कोणाला वाटत नाही. क्लासच्या सरांचा सल्ला, मोठ्या बहिणीचं डोळ्यांनी खुणावणं, सगळं त्यातच आलं. नियमांतले बारकावेही मुलांना कोणी समजावलेले नाहीत. दिवसाला एक चाल अशा संथ डावात ओपनिंगची पुस्तकं पाहायला परवानगी असते, इंजिनाला नसते. दहा मिनिटांच्या चालू डावात मात्र पुस्तकही चालत नाही. हे माहीत नसल्यामुळे एखादं मूल निरागसपणे पुस्तक उघडतं. तुम्ही पट समोर ठेवून पाच मिनिटांत हे दाखवू शकाल. शिक्षकाने सांगितलेलं मुलं विसरतात. नाकामुराला कँडिडेट्समध्ये दोनदा हरवणाऱ्याने सांगितलेलं विसरणार नाहीत.

दुसरं, शंका आली तर काय करायचं ते सांगा. तक्रारीचं बटण असतं, ते दाबायचं आणि गप्प बसायचं. चॅटमध्ये लिहायचं नाही, त्या खात्याचं चित्र काढून ग्रुपवर टाकायचं नाही, क्लासमध्ये नाव घ्यायचं नाही. मग तोच डाव उघडायचा आणि आपण कुठे चुकलो ते पाहायचं. इंजिन लावणाऱ्याविरुद्धच्या डावातही आपली एखादी चाल चुकलेलीच असते. आणि शक्य असेल तर एखाद्या दिवशी पडद्यावर, हजारो लोकांसमोर, वाईट हरा आणि “छान खेळलास” म्हणून पुढचा डाव सुरू करा. तुम्हाला तसं हरताना मी पाहिलं आहे. ते मुलांना पुन्हा पुन्हा दिसायला हवं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात अवघड वाटते. जी मुलं पकडली गेली त्यांचं काय? खातं बंद होतं तेव्हा घरात भूकंप होतो. कुणी मोबाइल काढून घेतं, कुणी क्लासच बंद करतं, कुणी उलट कंपनीलाच शिव्या घालतं आणि मुलाला नवीन खातं उघडून देतं. हे शेवटचं मला सगळ्यात वाईट वाटतं. चूक कबूल करणाऱ्याला पुन्हा संधी द्यायची पद्धत आता आहे, पण ती वाट मुलाने मोठ्यांचं बोट धरूनच चालायला हवी. तेरा वर्षांच्या मुलाने खोटेपणा केला तर त्याला बुद्धिबळातून हाकलायचं की आणखी बुद्धिबळ द्यायचं, यावर तुमचं मत मला ऐकायचं आहे. माझं मत सांगते. त्या सातवीतल्या मुलाबरोबर मी आता रविवारी सकाळी लाकडी पटावर खेळते, घड्याळ लावून, सोंगट्या हातात घेऊन. तो चांगला खेळतो. हरला की चिडतो, आणि दहा मिनिटांनी स्वतःच चूक शोधून दाखवतो. इंजिन लावून मिळवलेल्या गुणांबद्दल आम्ही बोलत नाही.

हे सगळं एकट्या तुमच्यावर टाकणं बरोबर नाही याची मला जाणीव आहे. पुण्यात अभिजित कुंटे आहेत, ज्यांच्या नेतृत्वाखाली २०२४ मध्ये बुडापेस्टला महिला संघाने ऑलिम्पियाडचं सुवर्ण आणलं. क्लास चालवणारे तळमळीचे शिक्षक आहेत, जिल्हा आणि राज्य संघटना आहेत. त्यांनीही बोलावं. कोथरूडच्या क्लासचालकांना मी स्वतः भेटणार आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ मुलांना ऑनलाइन न खेळवता एकमेकांसमोर बसवा, आणि डावानंतर दोघांनी मिळून तो डाव पाहण्याची सक्ती करा, एवढंच मागणं घेऊन. पण मुलं ऑनलाइन आली ती तुमच्यासारख्यांच्या आवाजाने, आणि तिथे त्यांच्या कानावर पडणारा आवाज तुमचाच आहे.

मे महिन्याच्या सुट्टीत इथे ठिकठिकाणी शिबिरं सुरू होतील. शेकडो मुलं पहिल्यांदा खातं उघडतील, त्यांना पहिला आकडा मिळेल आणि पहिल्या आठवड्यात कोणीतरी त्यांना सांगेल की सगळेच इंजिन लावतात. त्याआधी तुमचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोहोचलं तर फार बरं होईल. शिबिरांमध्ये ते दाखवण्याची व्यवस्था आम्ही पालक करू.

पुढच्या स्पर्धांसाठी मनापासून शुभेच्छा.

आपली,
डहाणूकर कॉलनी, कोथरूड येथील एक हौशी खेळाडू